बार कोणी भरला?

17 ऑगस्ट 1780 ची पहाट. कलकत्त्याच्या अलिपूर भागात दोन साहेब हातात पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे होते. एक गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज, दुसरा त्याच्याच कौन्सिलचा सभासद फिलिप फ्रान्सिस. दोघांचं वैर जुनं होतं, पण या खेपेला निमित्त झालं ते मराठ्यांचं. जानेवारी 1779 मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांची पुरती फजिती झाली होती. लढाई पुढे रेटायची तर फ्रान्सिसने कौन्सिलात आडवं येऊ नये, असा दोघांत समझोता झाला. पण महादजी शिंद्यांच्या मुलखावर फौज धाडायची वेळ आली तेव्हा फ्रान्सिसने विरोध केला. आपण शब्द दिला होता तो पश्चिम किनाऱ्यावर आधीच चालू असलेल्या लढाईपुरता, असं त्याचं म्हणणं. या गृहस्थाच्या ठायी ना खरेपणा आहे ना इभ्रत, अशा अर्थाचा शेरा हेस्टिंग्जने कौन्सिलच्या कागदांत लिहून टाकला. त्या काळच्या साहेबाजवळ अशा शेऱ्याला एकच उत्तर असे, आणि फ्रान्सिसने ते दिलं.

द्वंद्वात दोन्ही बाजूंना एकेक पाठीराखा लागे. हेस्टिंग्जचा होता कर्नल पिअर्स, फ्रान्सिसचा कर्नल वॉटसन. पिअर्सने लिहून ठेवलेली हकिगत वाचताना हसावं की धास्तावावं, कळत नाही. दोघेही प्रतिस्पर्धी या प्रकारात अगदी नवखे. किती पावलांवर उभं राहायचं हेही आधी ठरलेलं नव्हतं. आदल्याच वर्षी लंडनमध्ये गाजलेल्या एका द्वंद्वाचा दाखला देऊन वॉटसनने 14 पावलं सुचवली. पिस्तुलाला हे अंतर फार होतं, असं हेस्टिंग्ज पुटपुटला, पण हरकत कोणीच घेतली नाही. मग फ्रान्सिसने चाप ओढला आणि काहीच झालं नाही. ऑगस्टचा महिना, बंगालची हवा; दारू सर्दावली होती. हेस्टिंग्जने आपलं पिस्तूल खाली घेतलं. फ्रान्सिसच्या बाजूकडे जादा दारूच नव्हती, तेव्हा पिअर्सने आपल्याजवळचं काडतूस पुढे केलं. त्यातली दारू घेऊन रंजक नव्याने भरली गेली आणि दोघं पुन्हा उभे राहिले. फ्रान्सिसची गोळी हुकली. एक, दोन, तीन म्हणावं इतक्या अवकाशाने हेस्टिंग्जने झाडलेली गोळी फ्रान्सिसला उजव्या बाजूला, खांद्याच्या खाली लागली. जखम जीवघेणी ठरली नाही.

यातली पिअर्सची करणी जरा थांबून पाहण्यासारखी आहे. तो हेस्टिंग्जचा माणूस. आपल्या मित्रावर रोखलेलं पिस्तूल उडावं म्हणून त्याने स्वतःची दारू दिली. ती गोळी हेस्टिंग्जला लागली असती तर मारणारा कोण? फ्रान्सिस, की ज्याच्या चिमूटभर दारूशिवाय ते पिस्तूल पेटलंच नसतं तो पिअर्स? की थांबून शत्रूला संधी देणारा खुद्द हेस्टिंग्ज? धर्मशास्त्र आणि नीतिशास्त्र या दोघांनीही द्वंद्वावर शतकानुशतकं शाई खर्च केली. बहुतेक चर्चा चाप ओढणाऱ्या बोटाभोवती फिरली. बार भरणाऱ्या हाताकडे फार कमी जणांचं लक्ष गेलं. खरं तर सगळी मेख तिथेच आहे.

चकमकीच्या पिस्तुलात बार भरणं हे डोळे मिटून उरकायचं काम नव्हे. द्वंद्वाच्या इंग्लिश पिस्तुलाची नळी साधारण 10 इंच लांब, तिचं तोंड अर्ध्या इंचाच्या आसपास. त्यात बसणारी शिशाची गोळी सुमारे 12 ग्रॅमची. तिच्यामागे घालायची काळी दारू मात्र दोन ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे सोनाराच्या तराजूत सोळाएक गुंजा. आधी मापाने दारू नळीत ओतायची, मग कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली गोळी तोंडावर ठेवून गजाने खाली ठासायची. गोळी दारूवर नीट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटायची भीती. मग बाजूच्या प्याल्यात चिमूटभर बारीक रंजक. चाप ओढला की घोडा पडतो, चकमक पोलादावर घासते, ठिणगी प्याल्यात उतरते, तिथली ज्योत नळीच्या कानातून आत शिरते आणि बार उडतो. यातली एक पायरी चुकली की बार फुसका.

माप किती, हा सगळ्यात नाजूक भाग. दारू जास्त झाली की गोळी त्या प्रमाणात जोरात जाते असं नाही. आखूड नळीतून गोळी बाहेर पडेपर्यंत सगळी दारू जळून होत नाही; उरलेली तोंडातून ठिणग्या होऊन बाहेर फेकली जाते. हाताला धक्का मोठा बसतो, नळीचं तोंड वर उडतं आणि नेम बिघडतो. कमी झाली तर गोळी मंद जाते, खाली पडते, कपड्यांतच अडकते किंवा कातडीखाली जाऊन थांबते. भर म्हणजे या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावरही वायू होत नाही. तो धूर आणि काजळी बनून राहतो, त्यामुळे दुसरा बार पहिल्यासारखा बसत नाही. दाणा जाड की बारीक, शोरा शुद्ध की ओल धरणारा, गोळी घट्ट की सैल, या प्रत्येक गोष्टीने माप बदलतं. थोडक्यात, समोरच्याला मारायचं, जखमी करायचं की नुसता आवाज करायचा, हे बरंचसं नेम धरण्याआधीच, मापाच्या त्या छोट्या नळकांड्यात ठरलेलं असे.

हे गणित एकेकाळी परंपरेने आणि अंदाजाने चाले. 1742 मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हे पुस्तक छापलं. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. दारूचं वजन आणि गोळीचा वेग यांचा संबंध त्याने कागदावर मांडून दाखवला. पुढे कंपनीच्या नोकरीत तो हिंदुस्थानात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. रॉबिन्सच्या हाती धर्माचा काही विषय नव्हता. पण त्याच्यानंतर गोळीच्या जोराला दैव म्हणणं जरा अवघड होऊन बसलं.

कारण द्वंद्वाचा वंश दैवी न्यायाकडेच जातो. युरोपात सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्गंडीचा राजा गुंडोबाद याच्या कायद्याने वादी-प्रतिवादींना शस्त्राने निकाल लावायची मुभा दिली. देव खऱ्याच्या पाठीशी असतो, तेव्हा जो जिंकला तो खरा. नवव्या शतकात लियोंचा आर्चबिशप आगोबार्ड याने या कायद्यावर टीका केली. पण चाल इतकी चिवट की इंग्लंडमध्ये 1817 साली खुनाचा आळ आलेल्या अब्राहम थॉर्नटनने भर न्यायालयात हातमोजा फेकून फिर्यादीला लढाईचं आव्हान दिलं आणि 1818 मध्ये न्यायाधीशांना कायद्याप्रमाणे ते मान्य करावं लागलं. पार्लमेंटने तो कायदा पुढच्या वर्षी रद्द केला.

मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये. आपल्याकडे वतनाच्या तंट्यांत दिव्य करण्याची चाल पेशवाईपर्यंत होती. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहोर लावायची, काही दिवसांनी उघडून पाहायचं. पोळला नसेल तर बाजू खरी. सगळं देवावर सोपवलेलं. फक्त एक बाब देवावर सोपवता येत नसे: तेल किती तापवायचं ते.

तेव्हाच्या हंगेरीतल्या वाराद या गावच्या कॅथीड्रलची 1208 ते 1235 या काळातली एक नोंदवही आहे. तापल्या लोखंडाच्या दिव्याच्या 208 प्रकरणांचे निकाल तीत मिळतात, आणि त्यांतले 130 जण निर्दोष सुटलेले दिसतात. तापलेलं लोखंड हातात धरून एवढे लोक न पोळता कसे राहिले? पीटर लीसन या अर्थशास्त्रज्ञाने 2012 मध्ये यावर एक निबंध लिहिला. देव जाणतो या श्रद्धेपोटी अपराधी माणूस दिव्याला उभाच राहत नसे, तो आधीच कबूल होई. जो राहिला तो बहुधा निरपराध, हे ओळखून पुरोहित लोखंड फार तापू देत नसत, असा त्याचा तर्क. तर्क सगळ्यांना पटलेला नाही. पण विधीच्या आत कुठेतरी एक शहाणा, दयाळू आणि किंचित लबाड माणूस बसलेला असू शकतो, ही गोष्ट नाकारता येत नाही.

द्वंद्वात तो माणूस म्हणजे पाठीराखा. वॉटसनने कलकत्त्यात ज्या द्वंद्वाचा दाखला दिला ते 29 नोव्हेंबर 1779 ला हाइड पार्कमध्ये झालं होतं. पार्लमेंटमधल्या एका भाषणावरून विल्यम अॅडमने चार्ल्स जेम्स फॉक्सला आव्हान दिलं. अंतर 14 पावलं. अॅडमच्या गोळीने फॉक्सला जखम झाली, पण वरवरची. शेवटची गोळी फॉक्सने हवेत सोडली आणि प्रकरण मिटलं. दोघं पुढे चांगले मित्र झाले. फॉक्स नंतर म्हणे अॅडमला म्हणाला, तू सरकारी दारू वापरली नसतीस तर मी मेलोच असतो. अमेरिकेतल्या लढाईच्या त्या दिवसांत सरकारी कोठारातली दारू कुचकामी म्हणून बदनाम होती. ती सुधारण्याचं काम विल्यम काँग्रिव्हने हाती घेतलं ते 1783 नंतर. फॉक्सच्या विनोदात निव्वळ विनोद किती आणि पाठीराख्यांच्या हातचलाखीचा संशय किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

हलका बार भरणं हे पाप की पुण्य? इथे तत्त्वज्ञ एकमेकांच्या उरावर बसतात. कान्टचं 'मेटाफिजिक्स ऑफ मॉरल्स' 1797 मध्ये प्रसिद्ध होऊ लागलं. त्यात सैनिकाने द्वंद्वात केलेल्या हत्येला मृत्युदंड द्यावा की नाही, या प्रश्नापाशी कायदा पेचात सापडतो, हे तो कबूल करतो. एरवी शिक्षेच्या बाबतीत तसूभरही न हलणारा हा माणूस इथे अडखळतो. पण त्याच वर्षी एका छोट्या निबंधात तो सांगतो की मित्राचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा खोटं बोलू नये. दोन्ही एकत्र ठेवली तर हलका बार भरणारा पाठीराखा कान्टच्या दारात उभा राहू शकत नाही. आपण पुरेसा बार भरला असं तो प्रतिपक्षाला भासवतो, आपल्या माणसालाही भासवतो. कृती खोटी, हेतू दयेचा. कान्टला तो हेतू पुरत नाही.

आयर्लंडच्या सरदारांना कान्ट ठाऊक नव्हता, पण त्यांनीही या पळवाटेवर पहारा बसवून ठेवला होता. 1777 मध्ये क्लॉनमेलला जमून त्यांनी द्वंद्वाचे जे नियम ठरवले, त्यांत हवेत गोळी झाडायला साफ मनाई आहे. असला पोरखेळ करायचा होता तर आव्हान द्यायचंच नव्हतं, असा त्यांचा रोख. पाठीराख्यांनी एकमेकांसमोर बार भरावा, नाहीतर पिस्तूल साध्या नळीचं आहे आणि गोळी एकच घातली आहे, अशी इभ्रतीवर हमी द्यावी. बार फुसका निघाला तर तो झाडलेलाच धरायचा. या नियमाने अलिपूरला फ्रान्सिसची पाळी तिथेच संपली असती. गोळीची संख्या नियमांत आहे, दारूचं वजन मात्र नाही. ते पाठीराख्याच्या मनावर सोडलेलं. नियम करणाऱ्यांनी ते विसरून सोडलं असेल, असं मानायला मन धजत नाही.

हेतूचा प्रश्न याहून खोल जातो तो हॅमिल्टनपाशी. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि तेव्हाचा उपाध्यक्ष एरन बर यांचं द्वंद्व 11 जुलै 1804 ला हडसन नदीकाठी वीहॉकनला झालं. पिस्तुलं लंडनच्या वॉग्डन आणि बार्टन यांची, हॅमिल्टनच्या साडूच्या मालकीची. याच परिसरात तीन वर्षांपूर्वी हॅमिल्टनचा थोरला मुलगा फिलिप द्वंद्वात प्राणाला मुकला होता. आदल्या दिवसांत हॅमिल्टनने एक टिपण लिहून ठेवलं: आपल्या धर्माच्या आणि नीतीच्या तत्त्वांना द्वंद्व मान्य नाही, तेव्हा पहिली गोळी आपण राखून ठेवू, वाया घालवू, कदाचित दुसरीही. सकाळी पाठीराखे पेंडल्टन आणि व्हॅन नेस यांनी एकमेकांसमोर बार भरले. या पिस्तुलांना चाप अगदी हलका करून ठेवायची सोय होती. ती लावू का, असं पेंडल्टनने विचारलं, तेव्हा या वेळी नको, असं हॅमिल्टन म्हणाला. दहा पावलांवर दोन आवाज झाले. बरची गोळी हॅमिल्टनच्या उजव्या कुशीतून यकृत भेदून कण्यात रुतली. हॅमिल्टनची गोळी सुमारे 12 फूट उंचीवर एका झाडाच्या फांदीत सापडली.

डॉक्टर होसॅक जवळच होता, पण पाठ करून. नावाडीही पाठ करून. काही पाहिलंच नाही असं उद्या शपथेवर सांगता यावं म्हणून ही सोय.

मरणाच्या दारात हॅमिल्टनने प्रभुभोजनाचा प्रसाद मागितला. बिशप बेंजामिन मूर आला, त्याने द्वंद्वात उतरलेल्या माणसाला प्रसाद द्यायला आधी नकार दिला. प्रेस्बिटेरियन पाद्री मेसन याच्या पंथात असा खाजगी प्रसाद देण्याची रीतच नव्हती. मूर पुन्हा बोलावला गेला. वाचलो तर पुन्हा द्वंद्वाच्या वाटेला जाणार नाही आणि बरबद्दल मनात काही नाही, असं हॅमिल्टनने सांगितल्यावर त्याने प्रसाद दिला. दुसऱ्या दिवशी, 12 जुलैला हॅमिल्टन गेला.

न मारण्याचा निश्चय करून, पुरेपूर भरलेलं पिस्तूल हातात घेऊन जो मैदानात उभा राहतो, त्याचा निश्चय कितपत खरा? हॅमिल्टनवर विशेष आकस न ठेवताही हा प्रश्न टाळता येत नाही. पास्कलने 1656 मध्ये 'प्रोव्हिन्शियल लेटर्स'मधल्या सातव्या पत्रात नेमकी हीच युक्ती उघडी पाडली होती. काही जेझुइट पंडितांचं म्हणणं असं की द्वंद्वाला जाणं पाप. पण ठरलेल्या जागी नुसतं फिरायला जावं, समोरचा अंगावर आला तर स्वसंरक्षण करावं, मन फक्त संरक्षणाकडे वळवावं, म्हणजे पाप लागत नाही. पास्कलने या हेतू वळवण्याच्या कलेची अशी काही टर उडवली की ती पुन्हा सावरली नाही. त्याच्या चारशे वर्षं आधी थॉमस अक्वायनसने मुळात सांगितलेली गोष्ट वेगळी आणि कडक होती. स्वतःला वाचवताना समोरचा मेला तर तो हेतू नव्हता म्हणून क्षम्य होऊ शकतं. पण वाचण्यासाठी लागला त्याहून अधिक जोर वापरला असेल तर नाही. म्हणजे अक्वायनस हेतूबरोबर मापही मागतो. नंतरच्या पंडितांनी हेतू ठेवला आणि माप सोडलं.

जैन विचाराने हे माप आणखी आत नेलं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याबरोबर प्रमाद, म्हणजे बेसावध वृत्ती, हीही अट घातली आहे. सावध साधूच्या पायाखाली किडा सापडला तर हिंसेचा दोष नाही. बेपर्वा माणसाच्या हातून काही मेलं नाही तरी दोष आहे. या कसोटीवर अलिपूरचा पिअर्स नापास, आणि पाठ फिरवून उभा असलेला डॉक्टर होसॅकही. पाहिलं नाही म्हणणं ही सावधता नव्हे, सावधतेचं सोंग आहे.

किती हात एका मृत्यूला लागतात याचा हिशेब दोन अगदी वेगळ्या ग्रंथांत सारखाच निघतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसासाठी पशू मारण्याच्या संदर्भात घातकांची यादी आहे: संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. आठही जण घातक. 1563 मध्ये ट्रेंटच्या चर्चपरिषदेने द्वंद्वाबद्दल काढलेल्या फर्मानात लढणारे बहिष्कृत, पाठीराखे बहिष्कृत, सल्ला देणारे आणि मुद्दाम पाहायला जमलेलेही बहिष्कृत. द्वंद्वाला जागा देणाऱ्या राजाचीही गय नाही, आणि त्या मैदानात मेला त्याला ख्रिस्ती दफन नाही. दोन्ही याद्या लिहिणाऱ्यांना एक पक्कं कळलं होतं, की जबाबदारी वाटली की ती कमी होते असं माणसाला वाटतं. ट्रेंटच्या फर्मानाने युरोपातली द्वंद्वं थांबली नाहीत, हे उघड आहे. पण बार भरणाऱ्या हाताला नाव घेऊन पापी ठरवण्याचं धाडस त्याने केलं. नंतरच्या किती नीतिज्ञांना ते जमलं?

आता नशिबाचा मुद्दा. अॅडम स्मिथने 1759 मध्येच लिहून ठेवलं होतं की आपण माणसाला दोष देतो तो त्याच्या हेतूपेक्षा घडलेल्या परिणामावरून, आणि परिणाम तर दैवाच्या हातात. 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी याच गुंत्याला नैतिक नशीब म्हणून पुन्हा टेबलावर आणलं. फ्रान्सिसची जखम चार बोटं इकडेतिकडे असती तर हेस्टिंग्ज खुनी ठरला असता, तोच माणूस, तोच नेम, तोच बार असून. झालं वेगळंच. फ्रान्सिस वाचला, त्याच वर्षाअखेर विलायतेला निघाला आणि एडमंड बर्कच्या कानाशी लागून त्याने हेस्टिंग्जला पार्लमेंटपुढे उभं केलं. 1788 ते 1795 अशी सात वर्षं तो खटला चालला. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला खरा, पण खर्चाने पार पिचला. अलिपूरला गोळी जरा नेटाने लागली असती तर त्या खटल्याचं काय झालं असतं, हा हिशेब हेस्टिंग्जने कधी मनात केला असेल का?

पण नशिबाचा हा युक्तिवाद बार भरणाऱ्याच्या बाबतीत लंगडा पडतो. चाप ओढणाऱ्याचा हात थरथरतो, समोरचा हलतो, वारा सुटतो. त्याच्या आणि परिणामाच्या मध्ये नशिबाला भरपूर जागा आहे. बार भरणारा मात्र शांत उभा असतो. त्याच्याकडे वेळ असतो, माप असतं, राग नसतो. त्याचं काम जवळजवळ सगळं त्याच्या ताब्यातलं. म्हणून हलका बार भरणाऱ्याला लबाड म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं होईल; आपण काय करतो आहोत हे त्या मैदानात ज्याला नीट कळलं असा बहुधा तोच एक. मात्र त्याचं शहाणपण अर्ध्यावर थांबतं. द्वंद्व फसवं करून तो ते जगवतोही. सरकारी दारूच्या विनोदावर हसून घरी जाणारे फॉक्स नसते तर द्वंद्वाची फॅशन आणखी पन्नाससाठ वर्षं टिकली असती का, ही शंका रास्त आहे. ज्या विधीत दर वेळी कोणी मरतं तो विधी लोक लवकर टाकतात.

धर्मावरून झालेलं एक द्वंद्व इथे आठवावंच लागतं. 1829 मध्ये पंतप्रधान असलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, म्हणजे असईच्या लढाईतल्या त्याच वेलस्लीने, कॅथलिकांना राजकीय हक्क देणारा कायदा आणला. कट्टर प्रॉटेस्टंट अर्ल ऑफ विंचिल्सीने त्याच्यावर जाहीर आरोप केले. 21 मार्चला बॅटरसीच्या मैदानात दोघं समोरासमोर आले. वेलिंग्टनची गोळी हुकली, विंचिल्सीने हवेत झाडली, मग लेखी माफी दिली. वेलिंग्टनचा पाठीराखा होता सर हेन्री हार्डिंज. 1815 च्या लिन्यीच्या लढाईत त्याचा डावा हात गेला होता, त्यामुळे बार भरणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. ते काम ड्यूकसाठी डॉक्टर ह्यूमने केलं. जखम झाली तर बांधायला आणलेल्या माणसानेच जखम करण्याची तयारी करून दिली, आणि हकिगतही त्यानेच लिहून ठेवली.

1843 च्या जुलैत लंडनच्या कॅम्डन टाउनमध्ये लेफ्टनंट कर्नल फॉसेट त्याच्याच साडूच्या, लेफ्टनंट मन्रोच्या गोळीने मेला. विधवेला पेन्शन नाकारली गेली आणि देशभर हलकल्लोळ झाला. पुढच्या वर्षी लष्कराचे नियम बदलले. आपली चूक झाली असेल तर माफी मागणं आणि दुसऱ्याने मागितली तर ती स्वीकारणं हे अधिकाऱ्याच्या इभ्रतीला शोभणारं आहे, असं त्यांत लिहिलं गेलं. आव्हान देणाऱ्याबरोबर पाठीराख्यालाही नोकरीतून काढायची तरतूद झाली. हे नियम बदलले तेव्हा सेक्रेटरी अॅट वॉर या पदावर हार्डिंजच होता. त्याच वर्षी तो गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला.